खांब दिसावा, पाणी दिसू नये

४ जुलै

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर आणि पुढे वाच.

साडेतीनशे घरांना इंटरनेट पुरवणारी बाई पाकिटाला डिंक लावून पत्र पाठवते आहे, याचं हसू येत असेल तर येऊ दे. फोन तू उचलत नाहीस. संदेश पाठवला की त्याच्यापुढे एकच बारीक खूण उमटते आणि जन्मभर तशीच राहते. तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस हे कळायला काही फार अक्कल लागत नाही, माझा धंदाच आहे तो. आईला म्हटलं, रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा माझं एवढं एक विचार. तर म्हणाली, "मी काय तुमचा टॉवर आहे, इकडचं तिकडे पाठवायला? तुझं तू बघ." आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. पत्ता मात्र तिने दिला, कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. लिफ्ट दुरुस्त करतोस म्हणे. बरं आहे.

तर कामाचं बोलते. भांडण उकरून काढायला मी लिहीत नाहीये. मला सल्ला हवा आहे आणि तो देणारं इथे कोणी नाही.

तळ्याच्या पलीकडचं सगळं सामान बदलायचं ठरवलं आहे. तू होतास तेव्हा पलीकडे नव्वद घरं होती, आता एकशे चाळीस आहेत. शिवाय शाळा आणि दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर नाही, नुसती नर्स आहे. ती सकाळी आठ ते नऊ पेशंटला पडद्यासमोर बसवते आणि शहरातला डॉक्टर तिकडून बघून सांगतो. हे सगळं आपल्या टॉवरवरच्या एका डिशमधून तळं ओलांडून टेकडीवरच्या खांबाला जातं आणि तिथून घरोघरी. गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीची माणसं पलीकडे येऊन सगळ्यांशी गोड बोलून गेली. वीस ऑगस्टला पलीकडच्यांची बैठक आहे. तोवर आपलं नीट चाललं तर आपण, नाहीतर कंपनी. आणि पलीकडचा काठ गेला तर उरलेल्या घरांवर टॉवर चालत नाही, हे तुला मी सांगायला नको. दुकानाला कुलूप लावून मी आईचे पाय चेपत बसेन.

आता प्रश्न. टायवाला विक्रेता आठवतो ना, उन्हाळ्यातही टाय लावून फिरणारा? तो तीन प्रकारची पत्रकं टाकून गेला आहे. एक, साधं वायफाय. त्यात प्रत्येक घरावर बसवलेला रेडिओ आधी कान देतो, कोणी बोलत नाहीये असं वाटलं की आपण बोलतो. पण टेकडीच्या दोन्ही अंगांना घरं. ह्या अंगाच्यांना त्या अंगाचे ऐकूच येत नाहीत, मग दोघं एकदम बोलतात आणि खांबाला दोघांचंही कळत नाही. आपल्या दोन्ही मावश्या एका फोनवर बोलायच्या तसं. दोन, खांबच प्रत्येक घराला पाळी देतो ती पद्धत. शिस्तीची आहे, पण मग सगळे रेडिओ एकाच कंपनीचे घ्यायचे, आणि उद्या त्या कंपनीने हात वर केले की आपण लटकलो. तीन, मोबाइलच्या पद्धतीचं. ते झाडाझुडपातूनही जातं म्हणे, पण त्याला परवाना लागतो, आणि तो येईपर्यंत माझे उरलेले केस पांढरे होतील.

कुठलं घेऊ? एवढंच कळव. एका ओळीत कळव, तुला तसंही जास्त लिहिता येत नाही.

इकडे बाकी नेहमीचाच वैताग. पंपघरवाल्यांनी पत्रे काढून स्लॅब टाकला. छप्पर हातभर खाली आलं, आणि सिमेंट मात्र उडून सगळं माझ्या केबिनमध्ये. आठवडाभर मी पांढऱ्या खुर्चीवर बसत होते. मला आधी विचारलं का? नाही. केबल तोडली का? हो. 

दोन वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीबद्दल मला काही म्हणायचं नाही. तू त्या दिवशी गप्प बसलास ती तुझी मर्जी.

ताई


१६ जुलै

धाकट्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज पोस्टमन दिसला की मी केबिनच्या दाराशी जाते, आणि तो वीजमंडळाची नोटीस देऊन जातो.

मग मीच ठरवलं. पाळी देणारी पद्धत घेतली. कंपनी हात वर करील तेव्हा बघू, निदान तोवर लोकांचं धड ऐकू तरी येईल. टेकडीवरच्या खांबाचंही ठरवलं. टायवाला म्हणत होता, "मॅडम, एकच रुंद अँटेना घ्या, एकशे वीस अंशांची. एका फटक्यात सगळी घरं." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण तुझं ते वाक्य कानात वाजायला लागलं. अँटेना काय ऐकते ते बघू नकोस, काय ऐकत नाही ते बघ. किती वेळा डोकं उठवलं होतंस त्या वाक्याने! जेवताना, गाडीत, आईच्या दवाखान्यात रांगेत उभं असताना. तर मी त्याला म्हटलं, रुंद नको, अरुंद द्या, भोंग्याच्या आकाराच्या दोन, एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. मधला डोंगरमाथा आणि पलीकडच्या गावाची बडबड दोघींनाही ऐकू येणार नाही. त्याने तोंड वाकडं केलं. घरांचे आकडे मात्र दुसऱ्या दिवसापासून सुधारले. नको ते न ऐकण्याचा गुण अँटेनेत बरा दिसतो. माणसात तो असला की पत्राला उत्तर येत नाही.

लंबू अजून आपल्याकडेच आहे. तुझ्यानंतर टॉवरवर चढणारा तोच एक. परवा आपल्या बाजूच्या डिशचे बोल्ट तपासायला वर गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, इथून अख्खं तळं दिसतं! काय झकास दिसतं!" मी म्हटलं, तुला देखावा बघायला नाही पाठवलं. पाणी यंदा चढतं आहे. गेल्या वर्षी चढलंच नव्हतं, तळाला भेगा पडल्या होत्या. आणि हे नीट ऐक, गेल्या अख्ख्या वर्षात पलीकडचं नेट एकदाही गेलं नाही. एकदाही नाही. म्हणजे तू गेल्यावर मी रेडिओ बदलला, त्याने दोन वर्षांपूर्वीचा दोष गेला होता. म्हणजे दोष रेडिओचा होता. मी एवढंच म्हणते आहे.

आई बरी आहे. तुझ्याबद्दल काही सांगत नाही. विचारलं की म्हणते, "खातो, पितो, लिफ्ट चालवतो." चालवत नाही, दुरुस्त करतो, म्हटलं तर म्हणाली, "तुला एवढं माहीत आहे तर मला कशाला विचारतेस?"

ताई


२९ जुलै

धाकट्या,

नेट जायला लागलं आहे.

पहिल्यांदा सोमवारी गेलं, वीस मिनिटं. मंगळवारी दोनदा. आता रोज. नवी पद्धत, नवे भोंगे, सगळं जिथल्या तिथे आहे, घरांचं काम चोख आहे. तुटते आहे ती मधली कडीच, आपली डिश आणि टेकडीवरचा खांब यांच्यातली. सिग्नल असा वर-खाली होतो की बघणाऱ्याला चक्कर यावी. मी तीन वेळा वाहिनी बदलली. केबल बदलली. रेडिओ पुन्हा बदलला. हात टेकले.

काल नर्स स्वतः आली. तळ्याला वळसा घालून, दोन गाड्या बदलून. मला वाटलं भांडायला आली. तिने माझ्या टेबलावर एक वही ठेवली. रोज नेट कधी गेलं, किती वेळ गेलं, सगळं लिहिलेलं. म्हणाली, "परवा एक म्हातारे सुतार आले होते. पायाला जखम, आठ दिवसांची. डॉक्टरांनी पडद्यावर बघितली आणि म्हणाले, ‘हा पाय’... आणि तिथेच थांबले. तोंड उघडं, हात वर. मी पंधरा मिनिटं त्या उघड्या तोंडाकडे बघत बसले. हा पाय काय? बांधू? धुऊ? कापायचा? शेवटी त्यांना जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे."

मी म्हटलं, लहरींची गर्दी झाली आहे, हवा दमट आहे, आमचं काम चालू आहे. मला जी जी कारणं पाठ आहेत ती सगळी सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण तळं भरलं की तुमचं नेट बुडतं. दोन वर्षांपूर्वीही तळं भरलं तेव्हाच. मी तेव्हाही लिहून ठेवलं होतं." आणि मागची पानं उलटून दाखवली.

मला तिचा इतका राग आला की विचारू नकोस. एक नर्स मला माझा धंदा शिकवते.

टायवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "मॅडम, पाणी वर आलंय ना? मग डिशही वर घ्या. अजून तीन मीटर." सरळ आहे म्हणा. पाणी वर, तर डिश वर. उंचीचा विषय निघाला म्हणून तुला एक सांगायचं होतं. पण पाच वाजत आले, पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली. पुढे कधीतरी.

ताई


५ ऑगस्ट

पंधरावरून अठरावर घेतली. आधी रोज तास-दीड तास जायचं, आता अर्धा दिवस जातं.

अठरा मीटर! लंबू वरून उतरला तो थेट माठाकडे गेला. पलीकडून फोनवर फोन. शाळेच्या बाई, दवाखाना, त्या बेकरीवाल्याचा तर दर तासाला. मी फोन उचलते आणि "काम चालू आहे" म्हणते. काय काम चालू आहे? मी खाली उभी राहून वर बघते आहे, हे काम चालू आहे.

आणि तू. तू तिथे लिफ्टच्या खोलीत बसून माझी पत्रं न फोडता केराच्या टोपलीत टाकतो आहेस. तुला तोंड नव्हतं का? दोन वर्षांपूर्वी त्या शाळेच्या हॉलमध्ये साठ माणसं बसली होती, तू पहिल्या रांगेत होतास. मी जे बोलले ते तुला चुकीचं वाटत होतं तर उठून बोलायचं. "ताई, असं नाही, असं आहे." पाच शब्द. पाच शब्द बोलायला काय जातं? मूग गिळून बसायचं आणि मग आठवड्यात पिशवी भरून निघून जायचं, ही कुठली पद्धत? घरातलं माणूस असं वागतं?

आई विचारत होती, कोणावर ओरडते आहेस. मी म्हटलं, पत्रावर. ती म्हणाली, "मग हळू ओरड, पाकीट फाटेल."

ता.


१० ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे. फाडायच्या आत पाठवणार आहे.

तुझी हिरवी वही सापडली. सापडली कसली, मला माहीत होती ती कुठे आहे. केबिनच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली दोन वर्षं मीच ती सारून ठेवली होती. काल काढली. टेबल डुगडुगलं, चहा सांडला, तोही वहीवर. सत्ताविसाव्या पानावर तुझं चित्र आहे. टॉवर, पुढे पंपघर, पुढे तळं, पलीकडे टेकडीवरचा खांब. डिशपासून खांबापर्यंत एक सरळ रेघ. दुसरी रेघ डिशपासून खाली पाण्याकडे, आणि ती पंपघराच्या छपरावर थांबलेली, तिथे फुली. खाली तुझं ते मुंगीएवढं अक्षर: नऊ मीटर. वर नाही. खांब दिसावा, पाणी दिसू नये.

मला कळायला दहा मिनिटं लागली. नर्सला तेवढीही लागली नसती. तळं भरलेलं असलं की पाणी आरशासारखं सपाट होतं. खांबाकडून येणारा सिग्नल एकदा सरळ येतो आणि एकदा पाण्यावर आपटून येतो, आणि दोघं आपल्या डिशमध्ये एकमेकांना मारतात. तळं रिकामं असलं की चिखल आणि दगड, तिथून काही उसळत नाही. म्हणून गेल्या वर्षी काही झालं नाही. माझ्या नव्या रेडिओने काही झालं नव्हतं, पाणीच नव्हतं. नऊवर डिश असली की पंपघराचं छप्पर मध्ये येतं, डिशला खांब दिसतो आणि पाणी दिसत नाही. पंधरावर नेली की अख्खं तळं दिसतं. काय झकास दिसतं.

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते.

तू आईला घेऊन डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होतास, आठ दिवस. तेव्हा टायवाला आला आणि म्हणाला, "मॅडम, टॉवर एवढा उंच आहे आणि डिश नऊवर? वाया घालवताय." मला पटलं. लंबूला चढवलं, डिश पंधरावर नेली. सिग्नल चार आकड्यांनी वाढला. तळं तेव्हा रिकामं होतं. मला काय वाटलं सांगू? वाटलं, ह्याच्या त्या वहीशिवाय मलाही काही कळतं. तू आल्यावर तुला दाखवून चकित करायचं होतं. तू आलास, गाडीतून उतरता उतरता वर बघितलंस आणि म्हणालास, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, मी. तू म्हणालास, "खाली घे." झालं. कारण नाही, चित्र नाही, बस, सांगतो म्हणून नाही. खाली घे. मी काय तुझी लंबू आहे? तेरा वर्षांनी मोठी आहे मी तुझ्यापेक्षा. तुझी शाळेची फी भरायला मी रांगेत उभी राहिले आहे. मी म्हटलं, नाही घेत.

मग तळं भरलं. मग बैठक झाली. साठ माणसं ओरडत होती आणि मी उभी राहून म्हटलं, "अँटेना त्याने निवडली, उंची त्याने ठरवली. मला काय विचारता, त्याला विचारा."

तू माझ्याकडे बघितलंस. चार-पाच सेकंद. वाट बघत होतास. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले. तहान नव्हती.

तू उठून "बघतो" म्हणालास आणि खाली बसलास. तू का बोलला नाहीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. साठ माणसांसमोर मोठ्या बहिणीला खोटं पाडायचं नव्हतं तुला. आणि मी दोन वर्षं त्याच गोष्टीसाठी तुझ्यावर ओरडते आहे, गेल्या पत्रातसुद्धा ओरडले. तू गेल्यावर डिश खाली घेता आली असती. घेतली नाही. खाली घेतली असती तर दोष उंचीचाच होता हे लंबूला कळलं असतं, मग सगळ्यांना कळलं असतं.

तुझं गणित बरोबर होतं. चूक माझी होती आणि मी ती तुझ्या नावावर टाकली. मला माफ कर असं लिहायला हात वळत नाहीये, पण लिहिते. मला माफ कर.

उद्या डिश खाली घेते.

ताई


२१ ऑगस्ट

धाकट्या,

डिश अकरा तारखेलाच नऊ मीटरवर आणली. लंबू वरून ओरडला, "ताई, तळं गेलं!" मी म्हटलं, गेलं म्हणजे? "दिसत नाही! पंपघरामागे गेलं. खांब दिसतोय. तळ्याची एक पट्टी दिसते फक्त, बोटभर." मी म्हटलं, बोटभर चालेल.

दिवसभराचं जाणं थांबलं. त्या दिवशी मी केबिनमध्ये बसून नुसती पडद्यावरच्या सिग्नलच्या सरळ रेघेकडे बघत होते. पण अजून एक दुखणं उरलं आहे. सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमाराला दहा-बारा मिनिटं तुटतंच. वारा सुटला की बरं होतं. आणि नेमकी तीच डॉक्टरची वेळ. दिवसाच्या चोवीस तासांतली तीच बारा मिनिटं! माझ्या नशिबाचाही कोणीतरी टायवाला असणार.

काल बैठक झाली. तोच हॉल, तेवढीच माणसं, त्याच कचकचणाऱ्या खुर्च्या. कंपनीची दोन माणसं मागे बसली होती, छान कपडे घालून. मला बोलायला सांगितलं. मी घरून लिहून नेलं होतं, भोंगे, पाळीची पद्धत, सगळं. ते वाचलंच नाही. म्हटलं, दोन वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून सांगितलं की उंची माझ्या भावाने ठरवली. ते खोटं होतं. त्याने नऊ मीटर ठरवली होती, मी त्याला न सांगता ती पंधरावर नेली. त्याने खाली घे सांगितलं, मी घेतली नाही. तुमचं नेट गेलं ते माझ्यामुळे, आणि इथला चांगला माणूस गेला तोही माझ्यामुळे.

मला वाटलं, आता बेकरीवाला ओरडेल. पण शाळेच्या बाई म्हणाल्या, "मग आता ते कुठे आहेत?" मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतात. मागून कोणीतरी हसलं. नर्स उठली. ती हसली नव्हती. म्हणाली, "खरं बोललात, बरं केलंत. पण मला सकाळची बारा मिनिटं हवीत. ती मिळत नसतील तर मी कंपनीच्या बाजूने हात वर करणार, राग मानू नका." राग कसला मानणार. मग ठरलं, महिनाअखेरपर्यंत मुदत. एकतीसला सकाळी नर्सच्या वहीत काय लिहिलं असेल त्यावर निकाल.

दहा दिवस आहेत. मी तुझी वही तीनदा वाचली. सकाळच्या बारा मिनिटांबद्दल तीत काही नाही. तुझ्या वेळी ती नव्हतीच.

तू पत्रं वाचत नाहीस हे मी आता धरून चालले आहे. तरी लिहिते, कारण हे सांगायला दुसरं कोणी नाही.

ताई


१ सप्टेंबर

धाकट्या,

सत्तावीसला पोस्टकार्ड आलं. दोन वर्षांनी भावाचं पत्र! वर ‘ताई’ नाही, खाली नाव नाही, कशी आहेस नाही, माफ केलं नाही, नाही केलं तेही नाही. तीन वाक्यं. "छप्पर हातभर खाली आलं म्हणतेस. मग डिशही तेवढी खाली. साडेआठ."

मी कपाळावर हात मारला. मग कार्ड आईला दाखवलं. तिने ते चष्मा लावून वाचलं, उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाली, "त्याच्या मानाने बरंच लिहिलंय."

मग मला दिसलं. छपराचं मी एकदाच लिहिलं होतं. चार जुलैच्या पत्रात, शेवटी, पंपघरवाल्यांना शिव्या देताना. मी स्वतः विसरून गेले होते. आणि नऊवर आणूनही बोटभर पट्टी उरते हे लिहिलं ते थेट एकवीस ऑगस्टला. म्हणजे पहिलं पत्रही तू वाचलंस आणि शेवटचंही, आणि मधली टाकली असशील असं मला आता वाटत नाही. पाकीट फाटेल इतकी ओरडले होते तेही वाचलंस. मी कार्ड घेऊन केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि रडले. पाच मिनिटं. मग बेकरीवाल्याचा फोन आला.

अठ्ठावीसला साडेआठवर घेतली. लंबू म्हणाला, "आता पट्टीपण गेली ताई, नुसता खांब." एकोणतीसला सकाळी तळं असं निवांत होतं की त्यात टेकडी उलटी दिसत होती. वाऱ्याची झुळूक नाही. मी आकड्यांसमोर बसले होते, आठ, सव्वाआठ, साडेआठ. रेघ हलली नाही. तीसलाही नाही, काल एकतीसलाही नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी नर्सचा फोन आला. तो सुतार तपासणीला आला होता, जखम भरली आहे. "डॉक्टरांचं वाक्य पूर्ण ऐकू आलं," ती म्हणाली. "म्हणाले, हा पाय आता चालायला लावा." तिने वहीत काही लिहिलं नाही. पान कोरं ठेवलं. पलीकडचा काठ आपल्याकडेच राहिला आहे.

परत ये असं मी लिहीत नाही. तुला वाटेल तेव्हा वाटेल. पण माझा नंबर सोड, लोकांसमोर लाज वाटते मला, इंटरनेटवालीच्या भावाला तिचा संदेश जात नाही. आणि पुढच्या वेळी ‘खाली घे’ म्हणशील तेव्हा पुढे एक ‘कारण’ जोडत जा. शाई संपत नाही.

नऊच्या खुणेवर तू लावलेला पांढरा रंग अजून आहे, तो राहू दिला. त्याच्या खाली, साडेआठवर, मी लंबूकडून लाल पट्टा मारून घेतला आणि त्याशेजारी लिहून घेतलं: ‘ही डिश कोणीही वर नेऊ नये.’ तो ब्रश धुवायला निघाला होता. मी म्हटलं थांब, आणखी दोन शब्द आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं, पण विचारलं नाही, आणि पुन्हा वर चढून लिहिलं: ‘ताईनेही नाही.’

ताई